ताक अळणीच प्यावं

पोरींनो, घरात शुगरचं माणूस असेल तर सगळ्यात आधी एक करा. ताकाच्या गडव्यात मीठ टाकणं बंद करा. आपल्या परभणीकडं दुपारच्या जेवणात ताक नसलं तर जेवल्यासारखं वाटत नाही, आणि ताक खारट नसलं तर म्हातारी माणसं पेला सरकवून देतात, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगते. ताक राहू द्या, मीठ जाऊ द्या.

जिंतूर-सेलूकडच्या खेड्यांत आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. तेव्हा लोक विचारायचे, 'बाई, शुगरला ताक चालतं का?' आता प्रश्न पुढं गेला आहे. नातवंडं मोबाईलवर काहीबाही बघतात आणि आजोबांना सांगतात की दही-ताकात प्रोबायोटिक असतं, त्यानं किडनी सुधारते. मग आजोबा दिवसाला तांब्याभर ताक पितात, चवीला चिमटीनं मीठ घालतात, वर लोणच्याची फोड घेतात आणि लघवीची तपासणी मात्र करत नाहीत. सगळ्यात मोठा घोळ होतो तो इथं. ताक चांगलंच आहे, मी रोज पिते. पण किडनी राखायची म्हणजे काय काय करायचं आणि त्यात ताकाची जागा कोणती, हे नीट समजून घ्या.

मिठाचा हिशेब आधी करू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, तोही सगळं मिळून. भाजीतलं, वरणातलं, भाकरीच्या पिठातलं, चटणीतलं, पापडातलं, सगळं त्यातच आलं. आता दोन पेले ताक आणि प्रत्येकात पाव चमचा मीठ धरा. दिवसाच्या वाट्याचं निम्मं मीठ नुसत्या ताकातच संपलं. मीठ वाढलं की बीपी वाढतो. शुगरनं आधीच नाजूक झालेल्या किडनीवर तो वाढलेला दाब सरळ जाऊन बसतो. बीपीच्या ज्या गोळ्या किडनी राखायला देतात, त्यांचाही जोर जास्त मिठानं कमी पडतो. सैंधव घातलं तर चालतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सैंधव असो, काळं मीठ असो की पांढरं, सोडियम सगळ्यांत आहे. आणि दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जी पुडी मिळते, ती किडनी अधू झालेल्या माणसाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. त्यात सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं. अधू किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, रक्तात साचतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

चव कशी आणायची ते सांगते. जिरं तव्यावर काळपट होईपर्यंत भाजून जाडसर कुटून ठेवा. आल्याचा छोटा तुकडा ठेचून, कोथिंबीर चिरून, चार पानं पुदिना चुरून ताकात घाला. हिंगजिऱ्याची फोडणी आवडत असेल तर ती वेगळी करून गार होऊ द्या, मग ताकात ओता. पहिले आठ-दहा दिवस घरातलं माणूस कुरकुर करेल. जीभ सवयीची असते, महिनाभरात ती अळणी ताकाला रुळते आणि मग जुनं खारट ताक तिलाच नकोसं होतं. मीठ एकदम तोडणं जमत नसेल तर दर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. मसाला ताकाची पिशवी विकत आणत असाल तर मागचं बारीक अक्षर वाचा. सोडियम किती मिलिग्रॅम लिहिलं आहे ते बघा आणि त्याला अडीचनं गुणा, तेवढे मिलिग्रॅम मीठ तुमच्या पोटात जाणार.

आता दही लावायचं. हे काम मी कुणावर सोपवत नाही, कारण ताकाचं सगळं बरंवाईट इथंच ठरतं. दूध चांगलं उकळायचं, साय काढायची, बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्यायचं. मग आदल्या दिवशीच्या ताज्या दह्याचं चमचाभर विरजण घालून ढवळायचं. गरम दुधात विरजण घातलं तर त्यातले जिवाणू मरतात, अगदी गार दुधात घातलं तर ते सुस्त पडतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा दही चार-पाच तासांत लागतं. त्यापुढं बाहेर ठेवलं की आंबटढाण होतं, म्हणून लागलं की लगेच फ्रिजमध्ये, फ्रिज नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी. डिसेंबर-जानेवारीत उलटं. परभणीची थंडी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा भांडं पिठाच्या डब्यात नाहीतर गोधडीत ठेवून रात्रभर राहू द्या. मातीच्या गाडग्यात दही घट्ट लागतं, पण गाडगं रोज उकळत्या पाण्यानं धुवून उन्हात वाळवायला हवं. पितळी भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात दही-ताक ठेवायचंच नाही, ते कळकतं आणि पोटाला बाधतं. दह्याला गुलाबी-हिरवी झाक आली, तार सुटली, वास वेगळा आला तर म्हशीचं दूध कितीही महाग असो, फेकून द्या. शुगरच्या माणसाला जंतुसंसर्ग लवकर धरतो.

वाटीभर दह्यात तीन-चार वाट्या पाणी घालून रवीनं घुसळा, लोणी काढून घ्या. असं पातळ ताक दुपारच्या जेवणासोबत पेलाभर पुरे. जेवणासोबतच का, तर आंबटपणामुळं पिठूळ अन्नाची साखर रक्तात जरा सावकाश उतरते. आंबवलेल्या पावावर स्वीडनमध्ये अभ्यास झाले, त्यांत हे दिसलं आहे. पण म्हणून ताकाच्या भरवशावर एक भाकर जास्त खाऊ नका. साखर घातलेली लस्सी, फळांच्या चवीचं डबाबंद दही, श्रीखंड ही दह्याची नातलग असली तरी शुगरच्या माणसाची नव्हेत.

आंबिलीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती आपली आहे आणि आपणच विसरत चाललो आहोत. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आपण ती आठवणीनं करतो. शेजारच्या लातूर-धाराशिवकडं येळवशीला शेतात बसून पितात. बाकी वर्षभर मात्र चहा. करायला सोपी आहे. दोघांसाठी चार मोठे चमचे ज्वारीचं पीठ रात्री वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात लसूण-जिरं ठेचून टाका. उकळी फुटली की आंबवलेलं पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. सात-आठ मिनिटं मंद आचेवर शिजू द्या. आणि इथं लक्ष द्या. शिजवल्यावर आंबवणाऱ्या जिवाणूंतलं काही जिवंत उरत नाही. म्हणून आंबील कोमट झाली की त्यात वाटीभर ताजं ताक घालून हलवा, वर कोथिंबीर. आमच्या सासूबाई असंच करायच्या. त्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण गरम आंबिलीत ताक घातलं तर ते फाटतं हे माहीत होतं. कढीचंही तसंच. कढी चवीला छान, पण उकळलेली असल्यामुळं जिवंत ताकाचा गुण तिच्यात शोधू नका.

आंबील म्हणजे ज्वारीच, हे विसरू नका. वाटीभर आंबील प्यायली की अर्धी भाकर कमी खायची. पीठ सालासकट दळलेलं असू द्या, मैद्यासारखं चाळून घेऊ नका. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण आणला, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ज्वारीतलं लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट नावाचं द्रव्य पीठ आंबवलं की कमी होतं, मग ते लोह अंगाला जास्त लागतं. किडनीच्या बऱ्याच रोग्यांचं रक्त कमी असतं. त्यांचा सगळा अशक्तपणा ज्वारीनं भरून निघेल असं मी म्हणणार नाही, कारण अधू किडनी रक्त वाढवणारं संप्रेरकच कमी बनवते आणि त्याला इंजेक्शन लागतं. पण शुगर असलेल्या, किडनी अजून धड असलेल्या माणसाच्या ताटात आंबवलेली ज्वारी हवीच.

आता त्या प्रोबायोटिकच्या प्रश्नाकडं. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यांना डाळींचा, भाज्यांचा, ज्वारीच्या कोंड्याचा चोथा मिळाला की ते त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. चोथा मिळाला नाही तर ते प्रथिनांवर बसतात आणि त्यातून काही घातक द्रव्यं तयार होतात. इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट अशी त्यांची नावं आहेत. धड किडनी ती लघवीवाटे टाकून देते, अधू किडनीला जमत नाही, ती रक्तात साचतात आणि किडनीलाच आणखी इजा करतात. पोट आणि किडनी यांचा संबंध हा असा आहे. म्हणून नुसतं ताक पिऊन भागत नाही, त्या जिवाणूंना खायलाही घालावं लागतं. तुरीचं वरण, मटकीची उसळ, पावसाळ्यातला तांदुळजा, घोळ, अंबाडी ही त्यांची भाकर.

यावर माणसांवर प्रयोग झालेले आहेत. इराणच्या इस्फहान शहरात शुगरमुळं किडनी बिघडलेल्या चाळीस-पन्नास लोकांना आठ आठवडे सोयाबीनचं दूध दिलं, निम्म्यांना साधं आणि निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू घातलेलं. जिवाणूवाल्यांच्या लघवीतून जाणारं प्रथिन कमी झालं. आपल्या शिवारात सोयाबीनच सोयाबीन, तेव्हा ही गोष्ट ऐकून आनंद होतो. पण माणसं थोडी, काळ दोन महिन्यांचा, आणि जिवाणू मोजून-निवडून घातलेला. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं किडनीच्या जुनाट आजारावरचे असे सगळे प्रयोग एकत्र तपासले. किडनी वाचते, डायलिसिस लांबतं असं ठामपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. घरच्या दह्यात कोणता जिवाणू किती, हे कुणी मोजलेलं नसतं, गल्लीगल्लीतलं विरजण वेगळं. म्हणून मी असं सांगते: ताक हे अन्न म्हणून प्या, औषध म्हणून नको. आणि मेडिकलमधल्या महागड्या जिवाणूंच्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी तेच पैसे लघवीच्या तपासणीला वापरा.

त्या तपासणीवर मी हट्टी आहे. किडनी दुखत नाही. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या असतात, निम्म्याअधिक निकामी झाल्या तरी माणूस शेतात काम करतो, लग्नात जेवतो. शुगर असलेल्या तिघांतल्या साधारण एकाची किडनी पुढं बिघडते आणि त्याला ते पाय सुजल्यावर कळतं. लघवीला फेस येणं हीही उशिराची खूण. त्याआधी कळायचं असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन मोजावं लागतं. चिठ्ठीवर 'युरिन एसीआर' असं लिहून घ्या, साधी लघवी तपासणी त्याला पुरत नाही. आकडा ३० च्या आत असेल तर बरं. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली आणि अजून आवरता येते. ३०० च्या वर म्हणजे आता एक दिवसही वाया घालवू नका. ताप असताना, लघवीला जळजळ असताना, पाळीच्या दिवसांत किंवा कापूस वेचून अंग मोडलेलं असताना तपासणी करू नका, आकडा खोटा वाढतो. एकदा जास्त आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करा. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट आजार समजतात. मोठेपणी शुगर निघाली असेल तर निदान झालं त्याच वर्षी पहिली तपासणी आणि मग दरवर्षी. दसरा-दिवाळी जशी चुकत नाही तशी ही चुकवू नका.

गोळ्यांचं थोडक्यात. बीपी साधारण १३०/८० च्या आत, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर म्हणजे एचबीएवनसी बहुतेकांना ७ च्या आसपास. म्हाताऱ्या माणसाला थोडी सूट असते, ती डॉक्टर ठरवतील. किडनी राखणाऱ्या चांगल्या गोळ्या आता आहेत, त्या 'बरं वाटतंय' म्हणून सोडू नका. पण ओकाऱ्या-जुलाब लागले, पाणी पोटात राहीना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते विचारा. शुगरच्या, बीपीच्या काही गोळ्या अंगात पाणी कमी असताना किडनीला जड जातात.

आणि कंबरदुखीच्या गोळ्या! सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, उसाची मोळी, दिवसभर वाकून काम करून आलं की किराणा दुकानातून सुटी गोळी आणायची आणि खायची, हे मी गावोगाव बघितलं आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या शुगरच्या माणसानं रोज घ्यायच्या नाहीत. त्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, त्यात उन्हानं पाणी आटलेलं असेल तर दुप्पट घात. दुखत असेल तर शेक द्या, विश्रांती घ्या आणि कोणती गोळी चालेल ते दवाखान्यात विचारून घ्या. आठवडी बाजारात बिननावाच्या पुड्या विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. शुगर मुळापासून घालवतो म्हणणाऱ्याच्या पुडीत काय आहे ते त्यालाही सांगता येत नाही. उन्हात राबणाऱ्यानं पाण्याची बाटली बांधावर ठेवून न जाता कमरेला ठेवावी, तहान लागण्याची वाट बघू नये.

लोणचं, पापड, कुरडई, सांडगे. खारवलेलं लोणचंही आंबतं, म्हणून ते प्रोबायोटिक आहे असं कुणी म्हणेल. असेलही, पण मिठात बुडवलेलं आहे. पापडात मिठासोबत पापडखारही असतो, तोही सोडियमच. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून आंबवला तरी शेवटी ती तेलात तळलेली गव्हाची सत्त्वं, शुगर झटकन वर नेणारी. सणाला एक तुकडा चाखा, रोज ताटात नको. उन्हाळी वाळवणं करतानाच घरातल्या शुगरच्या माणसासाठी थोडी बिनमिठाची वेगळी काढून ठेवता येतात, मी करते. तव्यावर भाजली तरी कुरकुरीत लागतात.

शेवटी ज्यांची किडनी बरीच अधू झाली आहे त्यांच्याबद्दल. त्यांना वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल तर पालेभाज्यांवर, डाळींवरही बंधन येतं. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यावं लागतं, केळी आणि शहाळं बंद होतात. दह्यात फॉस्फरस आणि प्रथिन असतं, म्हणून वाटीभर दह्याऐवजी पातळ ताक बरं, तेही आहारतज्ज्ञ सांगतील तेवढंच. किडनी बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतात. त्याला घरचं आंबवलेलं, उघड्यावरचं दही-ताक डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

डायलिसिस चालू असेल तर ताक हे पाण्यातच मोजायचं. आंबील, चहा, वरणाचं पाणी, गोळीसोबतचा घोट, सगळं मोजायचं. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. पेलाभर ताक दिलं की तेवढंच पाणी बाटलीतून झाडाला ओता. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला, मग तोंड सुकलं तर बर्फाचा छोटा खडा किंवा लिंबाची फोड जिभेला लावा, तो खडाही हिशेबात धरा. केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळतं, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही ते बसतं. रेशनकार्ड, आधार आणि जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून ती पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवा, आणि ती कुठं आहे हे घरातल्या लहान पोरांनाही माहीत असू द्या.